पाट्या

कोलशेतला, सोसायटीच्या मागे, खाडीकडच्या कुंपणाशी
कारखानीस बाईंनी बाग मांडली.
बाई रबाळ्याच्या कंपनीत तीस वर्षं जपानी दुभाषी.
बागेत फक्त ती झाडं,
जी हजार-बाराशे वर्षांपूर्वी तिकडच्या कवितांत होती.
कवितेत नसेल तर गुलाबालाही आत येता येणार नाही.

माझं काम पाट्या. एकवीस. पांढऱ्यावर काळं,
वर नाव, खाली बाईंनी मराठीत आणलेल्या दोन ओळी.
दुकानांचे फलक रंगवलेला हात माझा,
शेवटी फोन नंबर नाही हे त्याला पटत नव्हतं.

‘हागी’ लिहिलं आणि पोरं आठवडाभर हसून लोळली.
बाई चिडल्या नाहीत.
माझाच ब्रश घेऊन पुठ्ठ्यावर
त्यांनी तिकडचं अक्षर काढून दाखवलं:
वर गवत, खाली शरद.
मी म्हटलं, आमची अक्षरं रेघेला टांगलेली,
वाळत घातलेल्या कपड्यांसारखी.
त्यात गवत कुठे लपवू?

मे महिन्यात एकेक गेलं.
फुजीचा वेल वीतभर चढला आणि थांबला,
लिफ्टमधून चुकीच्या मजल्यावर उतरलेल्या पाहुण्यासारखा.
येऊरहून येणारी सोमी वरठा
रिकाम्या वाफ्यांनाही पाणी घालायची.
पाटी हाय ना, म्हणायची,
म्हंजे कोनतरी ऱ्हातंय.

दसऱ्यानंतर एक दिवस
‘सुसुकी’च्या पाटीमागे पांढरे तुरे.
बाई चष्मा पुसून आल्या. वाकल्या. पान बोटानं चिरलं गेलं का बघितलं,
की पानानं बोट.
हे ते नाही, म्हणाल्या. चुलतभाऊ आहे.
सोमी म्हणाली, हा कोनी लावला नाय,
खाडीवरशी उडत आला.

कोजागिरीला सगळे गच्चीवर, दुधाच्या पातेल्याभोवती.
बाई खाली, प्लास्टिकच्या खुर्चीत.
तिकडे या रात्री हेच गवत फुलदाणीत ठेवतात, एवढंच बोलल्या.
मग मला: नाव खोड. सोमीला विचारून घाल.

सोमीनं सांगितलं, पण वरचा स्पीकर इतका मोठा
की मला ऐकू आलं ते लिहिण्यासारखं नव्हतं.
पुन्हा विचारलं तर वैतागली:
गवत लिव ना.

गवत लिहिलं.
खालच्या दोन ओळींना हात लावला नाही.
त्यांत शरद होताच.