बकरीचा पाय

उब्रिकेत या लाकडी अवजाराला बकरीचा पाय म्हणतात.
चामड्याची दुमड दाबायला, कड निजवायला.
अरासेलीचा हा तिच्या सासऱ्याचा.
अंगठा टेकतो तिथला खळगा मात्र
तिचा स्वतःचा.

"बोथट रापी कापत नाही गं, चावते.
धाग्याला मेण तीनदा."
"दोनदाच!" पलीकडून इल्देफोन्सो.
चाळीस वर्षं चाललंय हे.
मी अडीचदा लावते.

एका भोकात दोन सुया समोरासमोर येतात,
अरुंद बोळातल्या शेजारणींसारख्या
एकमेकींना वाट देतात,
मग ओढ.
दोन्ही हातांनी सारखी ओढ.
उजव्याला नेहमी जास्त घाई.

तिला आता सुईचं नेढं दिसत नाही.
माझं पाकीट घेऊन ती टाक्यांवरून अंगठा फिरवते,
जपमाळ ओढावी तशी,
आणि तेविसाव्याला थांबते.
"इथे तुला कुणीतरी हाक मारली."

मारली होती. दारात पाववाला होता.

उसवू?

"उसवून काय?
कापड विसरतं.
कातड्याला आरीचं भोक जन्मभर आठवतं.
पुढचा घाल."

पुढचा घातला. मग त्याच्या पुढचा.

शुक्रवारी हे पाकीट पॅरिसला जाईल,
त्यावर सोनेरी अक्षरांत दुसऱ्याच कुणाचं नाव.
तपासनीस येतो, दिव्याखाली धरतो,
भिंगातून बघतो, मान डोलावतो.

तो डोळ्यांनी बघतो ना.