पटावर चौदा

फॉर्म आठ पानांचा. रेणुकानं उद्यमबागच्या
झेरॉक्सवाल्याकडून दोन प्रती काढल्या,
एक चुकायला, एक भरायला.
तिसऱ्या पानावर चौकट, बोटाच्या पेराएवढी:
घरी कोणती भाषा बोलता?

मी मराठी लिहिलं.

मग तिकडच्या शाळेतल्या बाई व्हिडिओवर आल्या.
इथं भर दुपार, डोक्यावर पत्रा तापलेला,
त्यांच्या खिडकीत अजून उजाडायचं होतं.
जर्मनीतल्या त्या गावाचं नाव
मला अजून एका दमात म्हणता येत नाही.
बाईंनी समोर नकाशा उघडला असावा.
तुमचं राज्य कर्नाटक, म्हणाल्या,
मग भाषा कन्नड, नाही का?

एवढ्याच प्रश्नासाठी आमच्याकडं
मोर्चे निघालेत, पाट्यांना डांबर फासलंय,
माझा चुलता परशराम ऐन लग्नसराईत
हिंडलग्याच्या तुरुंगात बसून आलाय.
बाई पेन उघडून थांबल्या होत्या.
मी म्हटलं, इट इज अ लिटल कॉम्प्लिकेटेड.
त्यांनी काहीतरी लिहिलं. छोटासाच शब्द होता.

ईश्वरीला विचारलं, भीती वाटते काय गं?
तर म्हणाली, तिथं बसवरचे आकडे पण
त्यांच्याच भाषेत असतात काय?
इथं ती बसचे आकडे कन्नडात वाचते,
पाढे मराठीत म्हणते
आणि मुजावरांच्या शिफाशी भांडते
ते तिसऱ्याच भाषेत,
आणि बहुतेक वेळा जिंकते.

दाखल्यासाठी शाळेत गेलो.
कंपासच्या टोकानं मी मा. क. कोरलेला बाक
आता बिसीऊटाच्या तांदळाखाली आहे.
सायनेकर गुरुजींनी हजेरी उघडली,
बोट नावांवरून खाली आलं
आणि बाराव्यावर थांबलं.
"चौदा आहेत बे," म्हणाले.
"दोन वर्षं चौदा धरून ठेवलोय मी."

मग विचारलं, "कसली शाळा बघितलास?"
मी सांगत गेलो: काचेच्या भिंती,
पोहायचा तलाव,
नव्या पोरांना नुसती भाषा शिकवायला
वर्षभर वेगळी बाई.
गुरुजी ऐकत होते, पंख्याची पाती मोजल्यासारखे.
मला तो तलाव परत घ्यावासा वाटला,
पण सांगून झाला होता.

दाखला कन्नडात छापलेला,
रिकाम्या जागा निळ्या शाईनं भरायच्या.
गुरुजींचं कन्नड अक्षर
त्यांच्या मराठीपेक्षा सुंदर आहे
हे मला एकोणचाळिसाव्या वर्षी कळलं.
शाळा सोडण्याचं कारण.
तिथं ते अडले. "काय लिहू?"
स्थलांतर, मी म्हटलं.
"ते सगळेच म्हणतात."
सगळे म्हणजे पुण्याला गेलेले,
आणि सगळे म्हणजे गल्लीतच राहून
पिवळ्या बसनं इंग्लिश शाळेला जाणारेही.

फाटकाबाहेर येऊन अक्षर लावत लावत वाचलं.
पालकांची इच्छा.
एवढंच. खाली शिक्का, थोडा तिरका.

आता तो कागद धारवाडला गेलाय.
तिथला माणूस पानाला सातशे रुपये घेऊन
त्याचं जर्मन करणार आहे.
माझी इच्छा त्या भाषेत कशी दिसेल
हे रेणुका फोनवर शोधत होती,
मग तिनं फोन उलटा ठेवला
आणि बॅगेचं वजन करायला उठली.

विमानाला एकोणीस दिवस आहेत.
ईश्वरी रोज शाळेत जाते,
दाखला काढलेली मुलगी,
डबा घेऊन, वेणीला रिबीन लावून.
हजेरीत तिचं नाव तांबड्या रेघेखाली गेलंय.
तरी काल जेवताना सांगत होती,
अकरावं नाव झालं की गुरुजी खोकतात, पप्पा.
रोज तिथंच खोकतात.
त्यांचा खोकला संपायच्या आत
मी हजर म्हणून टाकते.