मान्य त्रुटी

पाच वाजून वीस मिनिटं. गोळी जिभेवर, वर दोन घोट पाणी.
मग तासभर चहा नाही.
स्वयंपाकघरात हेरंबचा उकळतोय, आलं, गवती चहा,
आणि मी परळच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीत उभी,
मे महिन्यात पायमोजे घालून.
समोरच्या गच्चीवर कुणी उघडाच झोपलाय,
घामानं पाठ चकाकतेय त्याची.
मला हेवा वाटतो.
घामाचा.

माझं काम वजनकाटे तपासायचं. सरकारी निरीक्षक, बावीस वर्षं.
शिपाई तांडेल पेटी उचलतो, मी पावती फाडते.
लालबागच्या मिरचीगल्लीत मला बघून
दुकानदार तागड्या पुसायला लागतात.
पाच किलोच्या काट्यावर पाच किलो ठेवायचे.
दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे झाले तर चालतात,
कायद्यात त्याला मान्य त्रुटी म्हणतात.
शिशावर शिक्का मारायचा, पुढच्या दुकानात शिरायचं.

डॉक्टर दुबाशही तेच करतात.
रिपोर्ट उजेडाकडे धरतात: टीएसएच तीन पूर्णांक एक.
‘फस्क्लास,’ म्हणतात,
आणि माझ्यावर शिक्का बसतो.

पण डॉक्टर, भुवयांची टोकं मी रोज पेन्सिलीनं काढते.
फोनवर लोक मला साहेब म्हणतात, असा आवाज.
दुपारी तीनला असं वाटतं, कुणीतरी
ओली गोधडी अंगावर टाकून निघून गेलंय.
आणि परवा, सहा वर्षं ज्याचा काटा तपासते
त्या धणेवाल्याला मी नाव विचारलं.
तो हसला. ‘बाई, मस्करी करता.’
मीही हसले.
पावतीवर नावाची जागा कोरी ठेवली.

नणंद म्हणते कोबी सोड.
शेजारच्या कुंदाताई म्हणतात कोबी खा, काळजी सोड.
ऑफिसात कुणी म्हणतं, वजनमापवाल्या बाईंचंच वजन,
आणि वाक्य तिथेच ठेवून फाइल उघडतं.
घरचा काटा नऊ किलो जास्त दाखवतो.
तो मात्र मी अजून तपासलेला नाही.

मग झवेरी बाजार.
निमाई कारागिराचा काचपेटीतला काटा.
पंखा बंद, दार बंद, तांडेल बाहेर.
माझ्या पेटीतलं सगळ्यात लहान वजन एक मिलिग्रॅम,
डासाच्या पंखाएवढा पत्रा.
सुजल्या बोटांनी चिमट्यात धरला, श्वास रोखला,
आणि रोखलेल्या श्वासातच हिशेब सुरू झाला:
गोळीत औषध पंचाहत्तर मायक्रोग्रॅम.
म्हणजे या पत्र्याचे तेरा तुकडे करायचे,
त्यातला एक.
त्यावर माझं ऊन, माझे केस, माणसांची नावं टांगलेली,
आणि तो तोलायला
माझ्याकडे वजन नाही.
‘दीदी, श्वास,’ निमाई म्हणाला.

पुढच्या वेळी वही नेली. तपासणीची असते तशीच,
तारीख, वेळ, नोंद. काय गिळलं, कधी, कशाबरोबर.
दुबाशांनी पहिल्यांदा माझा कागद उजेडाकडे न धरता वाचला.
‘आ कॅल्शियमची गोळी?’
चहाबरोबर घेते. सव्वासहा-साडेसहाला. विसरायला नको म्हणून.
त्यांनी चष्मा काढला.
चार तास, बाई. दोघींमध्ये चार तास तरी ठेवा.
रक्तातलं लोहही बघायचं ठरलं. ते तळाला निघालं.

आता डब्यात दोन पुड्या असतात.
साडेदहाला तांडेल घड्याळ दाखवतो,
कुठल्याही दुकानात असलो तरी.
थोडं बरं आहे. थोडंच.
गोधडी तीनऐवजी साडेचारला येते,
कधी येतच नाही, कधी सकाळीच.
पायमोजे अजून आहेत.

काल चहाची वाट बघताना, काही आठवायचं नसताना,
आपसूक आलं:
वाघुलकर. दत्ताराम वाघुलकर.
मोठ्यानं म्हटलं. हेरंबनं आतून विचारलं, कोण?
ऑफिसात जाऊन स्थळप्रतीवर लिहिलं, निळ्या शाईनं.
त्याच्याकडच्या पावतीवर
ती जागा अजून कोरीच असेल.