षट्कर्णी

माझे वडील, सेफेरिनो, गोमेराच्या दरीत
शीळ घालून बोलायचे.
शेळी सापडली. पीठ संपलं. डॉक्टर वर येतोय.
या कड्यावरून त्या कड्याला,
आणि ऐकायची अख्खी दरी.
लग्नाचं विचारलं तेही शिळेनंच;
आईच्या होकाराआधी
चार घरांतून हसू फुटलं.

मी समोरच्या बेटावर, ला पाल्माच्या माथ्यावर,
दुर्बिणींच्या शेजारी एका कंटेनरात बसते
आणि रात्रभर समुद्रावरून तेनेरिफेला
प्रकाश पाठवते, एका वेळी एकच कण.
उभा, आडवा, नाहीतर तिरपा.
पलीकडे इबाया.
कुठला कण कुठल्या चौकटीतून बघायचा
तिलाही ठाऊक नसतं, नाणं उडवून बघते.
मग आम्ही उघड्यावर फक्त चौकटी सांगतो,
उत्तरं नाही.
जुळल्या त्या ठेवायच्या,
आणि त्यातली मूठभर उत्तरं चाचपायची,
शितावरून भात.

मधे कुणी कान लावला
तर त्यालाही अंदाजानंच बघावं लागतं.
चुकला, की कण पुढे जातो तो
उष्टा होऊन.
इबायाचे दोन कान, माझे दोन.
पाचवा आला की शितं कच्ची लागतात.

परवा सहारातून धूळ आली.
चुका चढल्या. चार टक्के, सात, बारा.
"धूळ आहे गं," इबाया म्हणाली.
असेलच. दारावरून बोट फिरवलं, पिवळं झालं.
पण अकराच्या वर गेलं की
आमच्या हिशेबात धुळीलाही कान असतात.
किल्ली मोडून टाकली.
पेटीत अजून काही ठेवलंच नव्हतं,
म्हणून गेलंही काही नाही.

(खोटं कशाला बोलू? यंत्राच्या डोळ्यावर
कुणी झगझगीत उजेड मारला तर ते आंधळं होतं,
आणि दाखवाल ते खरं मानतं.
नियम निसर्गाचा आहे.
डबा आम्ही पेचकसानं आवळलेला.)

रविवारी वडिलांना सगळं सांगितलं.
चोरून ऐकणारा कळतो, म्हटलं,
ऐकल्याची खूण राहतेच.
ते केळ्याची साल सोलत राहिले. बराच वेळ.
"आमच्यातही कळायचं," म्हणाले,
"ऐकणारा उलट शीळ घालायचा."