चुरचुरतंय म्हणजे लागू पडतंय

काल राजवाड्यावरून गेर निघून गेली,
टँकरच्या टँकर रंग सांडत.
आज सकाळी साडेदहाला
रामबागेतल्या माझ्या दीड खोलीच्या पार्लरमध्ये
सबनीसबाई मुलीला पुढे घालून उभ्या.
मुलगी हिरवी. कानामागे जांभळी.
रविवारी देवासहून पाहुणे यायचेत तिला बघायला.

"बेसन झालं, लिंबू झालं,
केसांच्या कडेनं रॉकेलचा बोळाही फिरवला,"
केलेली व्रतं मोजावीत तसं बाई सांगतात.
"आता तुम्ही ब्लीच करा. जरा कडकच."

ट्यूबलाइटखाली मी तिची हनुवटी उचलते.
रंग जागच्या जागी आहे.
त्याच्या खालची मुलगी तेवढी सोलली गेलीय.

"लिंबानं आग झाली का गं?"
"झाली ना. आई म्हणाली,
चुरचुरतंय म्हणजे लागू पडतंय."

हे वाक्य माझं आहे.
म्हणजे माझ्याआधी जेल रोडच्या क्लासमधल्या अचलामॅडमचं,
त्यांच्याआधी कुणाचं, देव जाणे;
पण या गल्लीत ते मी आणलं.
एकतीस वर्षं फेशियलवर फुकट वाटलं,
बर्फानं छिद्रं मिटतात, याच्या सोबत,
आणि घरचं आहे ना, मग कसं बाधेल, याच्याही.

चौऱ्याण्णव साली कुमुद आली होती, पागनीसांची.
लग्नाला चार दिवस.
ब्लीच थापून मी पोहे खायला बसले,
वर जिरावण भुरभुरवत.
ती म्हणाली, "ताई, आग होतेय."
शेव चावता चावता मी ते वाक्य म्हटलं.
तिनं विश्वास ठेवला.
दहा मिनिटं, डोळे मिटून, ओढणीचं टोक मुठीत धरून.
लग्नाच्या अल्बममध्ये ती पानोपान
उजव्या बाजूनंच उभी आहे.
तक्रार कधी केली नाही.
परवा सियागंजात भेटली, अख्खी हळकुंडं निवडत होती.
"तुमचा हात काय हलका होता हो," म्हणाली.

तर मी सबनीसबाईंना म्हटलं,
काही करायचं नाही.
साधं खोबरेल लावा, घासू नका,
उन्हात पाठवू नका.
कातडी आपली आपण झडते,
उशीवर, चादरीवर, रोज थोडी थोडी;
जाताना रंगही घेऊन जाईल.
"रविवारपर्यंत?"
बहुतेक. कानामागचा राहील जरासा.
"आणि किती द्यायचे?"
काही नाही.

इथं चुकलं माझं.
फुकट म्हटल्याबरोबर बाईंचा विश्वास
वाळल्या बेसनासारखा तडकला.
तेच खोबरेल निळ्या डबीत भरून
दोनशे रुपये सांगायला हवे होते.
पर्सची चेन कर्रकन ओढली गेली.
पुढच्या गल्लीत नवं पार्लर आहे, काचेच्या दाराचं.

मुलगी पायरीवरून वळली. इरावती नाव.
"काकू, मी मुळात सावळीच आहे.
हिरवी गेल्यावर सावळीच निघेन ना?"
हो, म्हटलं.
ती हसली,
आणि हसताना गाल ओढला गेला तशी
अर्ध्यातच थांबली.

रात्री शटर पाडून
मी मानेला क्रीम लावते. खालून वर.
खालून वर लावलं की मान ओघळत नाही,
अचलामॅडम म्हणायच्या.
मला ठाऊक आहे,
कातडीला वर-खाली कळत नाही.
बासष्टची मान ती बासष्टचीच.
तरी हात वर जातो.

आज मुद्दाम खाली ओढून पाहिला.
एकदाच.
मग बराच वेळ झोप येईना,
तेव्हा उठून, दिवा न लावता,
पुन्हा वर.