खारकेला कोरडं करताना

भादव्यातली काळी माती कुणाचाच पाय सोडत नाही.
सेलूच्या मागं, कालव्याकडं जाणाऱ्या पाणंदीत
माझी एक चप्पल अजून रुतलेली आहे,
परवाची.
खारकेला तर चार पाय.
एकेका पायात ती एकेक शेत घेऊन येते घरी.

दारातच थांबायचं.
तिला आत जायचं असतं, मला ते नको असतं,
मग आम्ही दोघं उंबऱ्यावर बसून
उगीच रस्ता बघतो.
चिखल थोडा सुकू द्यायचा, पुरता नाही.
ओला पुसला की आत मुरतो,
पुरता वाळला की केस ओढतो.
मधली एक वेळ असते.
इस्तरीवाल्याला ती कळते.
शर्टाचीही असतेच की,
कोरडा नाही, ओला नाही, नुसता दमट.

पहिल्या वर्षी मी गोणपाट घेऊन धावलो होतो.
वरून टाकलं अंगावर.
ती जी शेपूट पोटात घालून पलंगाखाली गेली
ती दुसऱ्या दिवशी दुपारी
भाकरीच्या वासानं बाहेर आली.
आमच्याकडं यायच्या आधी
कुणी काय टाकलं होतं तिच्यावर, देव जाणे.
पाठीवर रुपयाएवढी जागा आहे,
तिथं केस येत नाहीत.

तेव्हापासून कापड वरून आणत नाही.
खालून, छातीकडून.
आधी हुंगू देतो.
शेवंताचं जुनं लुगडं आहे,
धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं.
घासत नाही. दाबतो,
उचलतो, परत दाबतो,
कुणाचं रेशमी पातळ आलं तर करतो तसं.

पाय पातेल्यातल्या कोमट पाण्यात, एकेक.
बोटांच्या बेचक्यात मातीची गोळी बसते,
राहिली तर खडा होतो तिचा.
एकदा तिथं बाभळीचा काटा निघाला.
ओढताना तिनं माझं मनगट तोंडात धरलं.
चावली नाही.
नुसतं धरलं, काटा निघेपर्यंत.

वेळेचं मात्र नरवाडे सरांमुळं शिकलो.
शिक्षक दिनाची आदली सांज,
सरांचा पांढरा सदरा, खळ दिलेला, खुंटीला.
खारीक अंबादासच्या हातून सुटून आली
ती दुकानाच्या मधोमध उभी राहिली
आणि नाकापासून सुरू झाली,
मान, खांदे, पोट, पार शेपटीच्या टोकापर्यंत.
सदरा गेला,
तलाठ्याची पॅन्ट गेली,
बँकेतल्या बाईंच्या तीन साड्या,
भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा.

मी हात उचलला.
तिनं डोळे मिटून घेतले.
पळाली नाही.

उचललेला हात मग कुठं ठेवावा कळेना.
कॅलेंडर पुसलं.

रात्री दीडपर्यंत धुणं चाललं.
"तुमचं कुत्रं अन् तुमचं नशीब,"
शेवंता म्हणाली पिळताना.
हसत होती का,
लाईट गेलेली, दिसलं नाही.

आता आधी खारीक, मग दुकान.
सकाळचे पहिले निखारे इस्तरीत भरतो
आणि टॉवेलावरून एकदा फिरवतो,
दिवसाची भवानी तिची.
टॉवेल गालाला लावून बघतो.
माझ्या गालाला सोसला
तर तिच्या पोटाला सोसेल.
मग गुंडाळून ठेवतो उलीसं,
"उगी, झालं, झालं" म्हणत.
ती सुस्कारा सोडते
एखाद्या म्हाताऱ्या पाहुण्यासारखा.

कान आतून पुसत नाही, कडा टिपतो फक्त.
उरलंसुरलं ती स्वतः झटकते,
बाहेर,
माझ्याकडं बघून, मग.

आत्ता पोत्यावर झोपलीय.
ओल्या कुत्र्याचा वास आणि कोळशाचा वास
यातलं गिऱ्हाईकांना काय कळतं कोण जाणे.
टॉवेल मागं दोरीवर टाकलाय,
वारा सुटलाय,
शेजारी नरवाडे सरांचा सदरा आहे
आणि दोघांच्या बाह्या,
म्हणजे एकाच्या बाह्या आणि एकाची किनार,
सारख्या एकमेकांना लागतायत.
सरांना सांगू नका.