गुरुवार, दुपारी तीन

नॅकच्या फाईलसाठी सुरू झालं हे,
खोटं कशाला बोलू.
गुरनुले सरांनी रजिस्टरला समास आखून लिहिलं:
प्राध्यापक वाचनगट. भाषाशिक्षण आणि जागतिक प्रश्न.
दर गुरुवारी तीन वाजता.
तीन, कारण पाचनंतर
नागभीडच्या रस्त्याला गाडी घालायची नसते.

आम्ही सहा जण. ग्रंथालयातलं लांब टेबल,
त्याचा एक पाय जुन्या हजेरीपटांवर टेकलेला.
लटारूजी चहा आणतो, फोटो काढतो
(अक्षांश-रेखांशासकट, तसा नियम आहे)
आणि कप गोळा करायच्या निमित्तानं
दारापाशी थांबून ऐकतो.
मिनिट्स मी लिहिते. तासिका तत्त्वावरची,
सगळ्यात नवी.

त्या दिवशी झेरॉक्स बावीस पानांची:
भाषेच्या तासाला जैवविविधता.
लिहिणाऱ्या बाई कुठल्याशा थंड देशातल्या.
त्यांच्या वर्गात मुलं पत्रं लिहितात
संपत चाललेल्या जनावरांना.
प्रिय अस्वला. प्रिय देवमाशा.
करून बघू, सहारे मॅडम म्हणाल्या.
बोरकुटे सर म्हणाले, अस्वल मागच्या महिन्यात
माझ्या सासऱ्याच्या मोहाखाली बसून होतं,
टपालखर्च वाचला असता.

हसलो. आणि मग गाडी घसरली ती डोळ्यावर.
मी अमरावतीकडची, आमच्यात डोया.
गुरनुले सरांच्या आईचा डोरा.
पुस्तकात डोळा.
दिसतं तिन्हींनी, मॅडम म्हणाल्या,
मार्क एकालाच.
हे मिनिट्समध्ये नको, सर म्हणाले.
मी घेतलं.

चहा संपल्यावर मी पिशवीतून काढला
रेवता कन्नाकेचा पेपर.
बीए दुसरं वर्ष, इंग्रजी, निबंध: टायगर.
दोन पानांत तो शब्द एकदाही नाही.
‘ही केम नियर अवर हाऊस.
वी डिड नॉट लुक.
माय आंट वेंट फॉर मोहफूल.
ही वॉज देअर.
नाऊ आय कुक.’
इंग्रजीतला ‘ही’, आपल्यातली नव्हे.
प्रत्येकाभोवती माझं लाल वर्तुळ,
समासात: हू? कोण?
आणि खाली, ठळक:
सर्वनामाच्या आधी नाम यायला हवं.
दहापैकी तीन.

टेबलावर कुणी काही बोललं नाही.
बोरकुटे सर चष्मा पुसत राहिले,
स्वच्छच होता तो.
मग दारातून लटारूजी,
ज्यानं वर्षभरात ‘साखर कमी का?’ याहून जास्त
काही विचारलं नव्हतं आम्हाला:
‘त्याचा नाव नाही घेत जी, म्याडम, आमी.
नाव घेतला का येते.
पोरीनं बराबर लिवला.’

बावीस पानांच्या शेवटी चौकट होती,
वर्गात करायच्या सात कृती.
पहिली: प्राण्याला त्याच्या नावानं हाक मारा.
सरांनी ती मोठ्यानं वाचली
आणि कागद उलटा ठेवला.

सव्वाचार. निघायला हवं होतं.
गुण पोर्टलवर भरून झाले होते सोमवारीच,
आता तीनाचे चार करायलासुद्धा
विद्यापीठाला अर्ज, प्राचार्यांच्या सहीनं.
मिनिट्समध्ये ‘चर्चेचा विषय’ या रकान्यात
पेन अडलं.
शेवटी लिहिलं: तो.

तीन गाड्या मागेपुढे लागून निघालो, नेहमीसारख्या.
साग दाटतो त्या वळणावर
सगळ्यांनीच हॉर्न वाजवला.

शुक्रवारी रेवताला वर्गाबाहेर थांबवलं.
गुणांचं बोलायचं होतं,
चूक माझी, असं काहीतरी,
रात्री जुळवलेलं वाक्य होतं माझ्याकडे.
तोंडातून आलं: काय रांधलंस आज?
ती गोंधळली. मग डब्याकडे बघून म्हणाली,
‘भात. अना लाखोरीचा वरन.’
आणि जरा थांबून,
‘मीठ जास्त होते अजून.’